अकरा नंबरचा पाचवा रिबाउंड

आमच्या घरात पासपोर्ट, मुलीचा जन्मदाखला आणि लातूरच्या प्लॉटचे कागद एका निळ्या पिशवीत असतात. त्याच पिशवीत एका बास्केटबॉल सामन्याच्या आकडेवारीचा कागद आहे. व्हिसा रिन्यू करायची वेळ आली की बायको पिशवी उघडते, तो कागद दोन बोटांनी बाजूला काढते आणि विचारते, "अहो, हा इथे कशाला?" मी म्हणतो, राहू दे, पुरावा आहे.

कार्बनची प्रत आहे. दोन संघ, दोन तक्ते, एकाखाली एक. डावीकडे बनियनचे नंबर, पुढे गुण, पास, फाउल आणि रिबाउंड. फेकलेला चेंडू रिंगला लागून परत आला की जो तो पकडेल, त्याच्या नावावर एक रिबाउंड. त्यासाठी चार क्वार्टरचे चार चौकोन आहेत. वरच्या तक्त्यात अकरा नंबरच्या ओळीत चौथ्या चौकोनात पाचाचा आकडा आहे. समासात चार बारीक रेघा. पेन चालतंय का हे बघायला कुणी तरी ओढल्या असाव्यात, असं मी धरून चाललो होतो. खाली सही.

तो पाच खरा होता की नाही, एवढाच प्रश्न होता. वीस-बावीस वर्षं मी तो खरा आहे असं सांगत आलो. बायकोला सांगितलं, भावाला सांगितलं, दोहातल्या मराठी मंडळाच्या गणपतीत जो समोर बसेल त्याला सांगितलं. पाच खरा, म्हणजे मला आकडे लिहिण्याच्या टेबलावरून काढलं तो अन्याय. मी कामगार माणूस, म्हणून काढलं.

तेव्हा मी दोहात एसी मेकॅनिक होतो. आमच्या कंपनीकडे एका क्लबच्या हॉलचं मेंटेनन्स होतं. सामन्याच्या दिवशी यंत्र बंद पडू नये म्हणून एकाने तिथे थांबायचं. तो एक म्हणजे मी. निळा ओव्हरऑल घालून मी आकडे लिहिणाऱ्यांच्या टेबलामागे, डक्टच्या दाराशी उभा असायचो. लीग पगारी खेळाडूंची होती, बाहेरून आणलेले उंच गडी असायचे, आणि खेळ बघायला फुकट मिळत होता. बघता बघता मी मोजायला लागलो. ती सवय जुनी. माझे वडील मोंढ्यात मापाडी होते. धान्याचं माप टाकताना "एक" म्हणत नाहीत, "लाभ" म्हणतात. लाभ, दोन, तीन. बोलणं तोंडाने आणि मोजणी अंगठ्याने, बोटांच्या पेरांवर. डोळे मापावरून हलवायचे नाहीत. लहानपणी मी त्यांच्याशेजारी उभा राहून हमालांच्या पाठीवरची पोती मोजायचो. एकदा चुकलो तर घरी जेवताना ते माझ्याकडे बघत नव्हते.

आकडेवारीच्या टेबलावरचे मुख्य गृहस्थ नाशिकचे. दिवसा गॅसच्या कंपनीत इंजिनिअर, संध्याकाळी हौस म्हणून हे काम. मी त्यांना साहेब म्हणायचो. एकदा क्वार्टर संपल्यावर त्यांनी आपल्या सहकाऱ्याला विचारलं, आठ नंबरचे रिबाउंड किती, आणि तो कागद शोधत असताना मी मागून सांगितलं. साहेबांनी मान वळवून मला पाहिलं. म्हणाले, "मराठी?" मी म्हटलं, लातूर. पुढच्या सामन्याला त्यांचा सहकारी आजारी पडला आणि त्यांनी मला खुर्ची दाखवली. "ये, बस इथे. दोन्हीकडचा सर्वांत उंच गडी तुझा. क्वार्टर संपला की आकडा सांगायचा. बाकीचे मी लिहितो."

त्या खुर्चीवर बसलो तेव्हा ओव्हरऑलवर क्लबचा पांढरा टीशर्ट चढवला होता. दोहात आल्यापासून पहिल्यांदा मी काही तरी दुरुस्त करायला नव्हे, तर बसायला बसलो होतो. उजवा हात घरच्या संघासाठी, डावा पाहुण्यांसाठी. अंगठा पेरावर ठेवायचा, चेंडू पकडला की पुढच्या पेरावर. तीन महिने मी असा बसलो आणि एकदाही चुकलो नाही. हे मी बढाई म्हणून लिहीत नाही. साहेब स्वतः म्हणायचे.

मग तो सामना. त्या हॉलमध्ये एक रीत होती. ज्याने जास्तीत जास्त रिबाउंड पकडले त्याला शेवटी छोटा कप द्यायचे. तिसऱ्या क्वार्टरअखेर पाहुण्यांचा उंच गडी एकाने पुढे होता, घरच्या संघाचा अकरा नंबर मागे. चौथ्यात दोघेही पेटले. माझा उजवा अंगठा करंगळीवरून सरकत होता. आणि तेवढ्यात टेबलाच्या टोकाकडून पांढऱ्या थोबमधले, म्हणजे इथल्या पायघोळ झग्यातले, एक वयस्कर गृहस्थ आले. क्लबचे जुने आश्रयदाते. एकेकाशी हात मिळवत येत होते. खेळ चालू होता.

साहेब उठले नाहीत. त्यांनी डावा हात छातीवर ठेवला, मान लववली, डोळे मैदानावरच ठेवले. इथे तेही चालतं, त्यात अपमान नाही. हे मला आज माहीत आहे. त्या दिवशी मला एवढंच दिसलं की असा मोठा माणूस माझ्यासमोर थांबला आहे आणि त्याने हात पुढे केला आहे. तोवर त्या देशात माझा हात कुणी मागितला नव्हता. माझ्या हातातला पाना मागत. मी उभा राहिलो आणि उजवा हात दिला.

हात परत आला तेव्हा अंगठा कुठेच नव्हता.

चार होते की पाच? मी मैदानाकडे पाहिलं, मैदान काय सांगणार. शिट्टी वाजली, सामना संपला. साहेबांनी विचारलं, अकरा? मी म्हटलं, पाच. पाहुण्यांचा तीन. बेरीज झाली आणि आपला अकरा नंबर एकाने पुढे निघाला. चार म्हटलं असतं तर दोघे बरोबरीत राहिले असते.

पाहुण्यांचा कोच टेबलाशी आला आणि हात आपटून बोलू लागला. त्याच्या माणसाच्या हिशोबाने अकरा नंबरचे शेवटच्या क्वार्टरला चारच होते. साहेबांनी त्याचं ऐकून घेतलं आणि माझ्याकडे वळले. मराठीत, हळू विचारलं, "पक्कं?"

"पक्कं, साहेब."

त्यांनी एक क्षण माझ्याकडे पाहिलं, कागदावर सही केली, आणि कोचला इंग्रजीत सांगितलं की टेबलाचा आकडा शेवटचा. कप आपल्याला मिळाला. कार्बनची एक प्रत मी आठवण म्हणून मागून घेतली.

पुढच्या सामन्याला माझ्या खुर्चीवर दुसरा माणूस होता. साहेब म्हणाले, आता कोर्स केलेलेच लोक बसवायचे असं ठरलंय. मी डक्टच्या दाराशी उभा राहिलो. त्या संध्याकाळी मी हॉलच्या मागच्या दाराला लाथ मारली, ती खूण बरीच वर्षं होती. मी ठरवून टाकलं की कोचने वर तक्रार केली आणि साहेबांनी आपली कातडी वाचवायला मेकॅनिकला पुढे केलं. वर्षभरात ती नोकरी सोडली. आज माझी स्वतःची मेंटेनन्स कंपनी आहे, माणसं आहेत, गाड्या आहेत. अझीझियात तीन बेडरूमचा फ्लॅट आहे. खरं सांगायचं तर यातलं बरंचसं मी त्या खुर्चीच्या रागावर उभं केलं. साहेब मंडळात भेटायचे. मला "तुम्ही" म्हणायचे. मी उत्तर न देता प्रसादाच्या रांगेत पुढे सरकायचो.

या जूनमध्ये दोन गोष्टी एकाच आठवड्यात झाल्या. मंडळाच्या ग्रुपवर साहेबांचा मेसेज आला. रिटायर होऊन शुक्रवारी कायमचे नाशिकला चाललो, घरातलं सामान द्यायचं आहे, फोटो खाली. आणि माझ्या मुलीने, जी इथेच युनिव्हर्सिटीत डेटाचं काही शिकते, जेवताना सांगितलं की तिला प्रोजेक्टसाठी जुन्या सामन्यांची आकडेवारी हवी आहे. मी छाती फुगवून निळी पिशवी काढली. तिने कागद उजेडात धरला, फोटो काढला आणि म्हणाली, "वॉव, बाबा. पण ओन्ली शीट चालणार नाही. व्हिडिओवरून व्हेरिफाय करावं लागतं."

मी म्हटलं, शीट सही केलेलं आहे.

"सही म्हणजे प्रूफ नाही ना."

मी भाजी पुन्हा वाढून घेतली.

त्या काळी हॉलमधले सामने एक म्हातारा फोटोग्राफर चित्रित करायचा. त्याचं दुकान अजून होतं आणि बंद होत आलं होतं. दुसऱ्या दिवशी कामं सोडून मी तिथे गेलो. का गेलो, हे मी स्वतःला नीट सांगितलं नाही. एक मन म्हणत होतं, कॅसेट मिळाली तर पाच सिद्ध होईल आणि शुक्रवारच्या आत साहेबांच्या तोंडावर टाकता येईल. दुसरं मन म्हणत होतं, मिळाली तर निदान माझ्या ताब्यात राहील. म्हाताऱ्याने कपाटातून कॅसेट काढली, लेबल पुसलं आणि भाव सांगितला. दुकानदाराने सांगितलेल्या भावाला मी आयुष्यात कधी काही घेतलेलं नाही. कॉम्प्रेसर असो की कोथिंबीर, मी निम्म्यापासून सुरू करतो आणि दोनदा दुकानाबाहेर पडून परत येतो. त्या दिवशी मी पैसे काढून दिले. म्हाताराच गोंधळला. त्याने वर कॅसेट चालवायचं यंत्र फुकट दिलं.

कॅसेट मी घरी नेली नाही. गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवली, काचेखाली, आणि गाडी उन्हात लावून वर आलो.

मी एसीचा माणूस आहे. जूनच्या दुपारी बंद गाडीत किती गरम होतं आणि प्लास्टिकचं काय होतं, हे मला कुणी सांगायला नको. मी काही केलं नव्हतं. फक्त गाडी उन्हात लावली होती. बायकोने जेवायला वाढलं, मी जेवलो नाही. तिने विचारलं, बीपीची गोळी घेतली का. मुलगी आतल्या खोलीत माझ्या कागदावरचे आकडे कॉम्प्युटरवर चढवत होती, मोठ्याने वाचत, इंग्रजीत. अकरा नंबरच्या ओळीशी ती थांबली. मला वाटलं ती काही विचारेल. तिने विचारलं नाही, पुढे गेली. आणि मला एकदम वडील आठवले, ताटावरची मान वर न करणारे.

मी चपला न घालता लिफ्टने खाली गेलो. पार्किंगचं डांबर तळव्यांना चटके देत होतं. कॅसेट हाताला भाजत होती, पण वाकलेली नव्हती. ती शर्टात गुंडाळून मी बनियनवर वर आलो. वॉचमनने पाहिलं आणि लिफ्टचं बटण दाबून दिलं.

संध्याकाळी मी आणि मुलगी बघायला बसलो. चित्र लाटांसारखं हलत होतं, रंग उडालेले. कॅमेरा समोरच्या बाजूला असल्याने वरच्या कडेला टेबल दिसत होतं. पांढऱ्या टीशर्टमधला एक बारीक माणूस, ताठ बसलेला. मुलगी म्हणाली, "बाबा, हा तुम्ही? सो थिन!" मी मान हलवली. तीन क्वार्टर माझे आकडे तंतोतंत जुळले. ती प्रत्येक वेळी कागदाकडे बघून "करेक्ट" म्हणत होती.

चौथा क्वार्टर. लाभ. दोन. तीन. माझा अंगठा आपोआप चालत होता. मग पांढऱ्या थोबची आकृती टेबलाच्या टोकाला आली. अकरा नंबरने उडी मारली, चेंडू पकडला. चार. बारीक माणूस उभा राहिला, वाकला, त्या गृहस्थांचा हात धरून उभाच राहिला. इतका वेळ कुणी हात धरत नाही. चेंडू दोनदा इकडून तिकडे गेला. दोन्ही वेळा चेंडू सरळ जाळीतून पडला. रिबाउंड नव्हताच.

"फोर," मुलगी म्हणाली. तिने टेप मागे नेली, पुन्हा पाहिलं. "फोर, बाबा. शीटवर फाइव्ह आहे." मग ती पुढे झुकली. "आणि बघा ना, हे काय करतायत?"

माझ्या शेजारी बसलेल्या साहेबांनी, मी उठत असताना, डोळे मैदानावरून न हलवता पेन कागदाच्या कडेला टेकवून छोटी रेघ ओढली होती. मुलीने टेप आणखी मागे नेली. अकरा नंबरने पकडलेल्या प्रत्येक चेंडूला एक. चार वेळा.

मी कागद उचलला. समासातल्या चार रेघा. मीच जपून ठेवलेल्या कागदावर, पासपोर्टच्या पिशवीत.

त्या रात्रीचं काही लिहिण्यासारखं नाही. गुरुवारी दुपारी मुलीला म्हटलं, चल, अल दुहैलला जायचंय, वॉशिंग मशीन बघायचं आहे. तिने मला घरी मशीन असल्याची आठवण करून दिली. मग गाडीत बसली.

साहेबांच्या कंपाउंडमध्ये दारातच खोके रचलेले होते. वहिनींनी मला ओळखलं, आत या म्हणाल्या. मग मशीन दाखवलं, किंमत सांगितली. सवयीने माझ्या तोंडून निघालं, जास्त आहे. लगेच जीभ चावली. मुलीने कपाळाला हात लावला. वहिनी हसल्या आणि तिला सरबत द्यायला आत घेऊन गेल्या.

साहेब हॉलमध्ये एका खोक्यावर बसून पुस्तकांना दोरी बांधत होते. केस पूर्ण पांढरे. म्हणाले, "या. बसा." मी बसलो नाही. वाटेत मी बरंच घोकलं होतं, त्यातलं काही आठवेना. कागद त्यांच्यापुढे धरला आणि समासावर बोट ठेवलं.

त्यांनी चष्मा वर केला, पाहिलं. "ठेवलायस होय अजून," म्हणाले. "चारच होते."

"तुम्हाला माहीत होतं."

"माझ्या हातच्या रेघा आहेत."

"मग पाच का लिहिलंत?"

"तू पक्कं म्हणालास. समोर तो कोच टेबल बडवत होता. त्याच्यापुढे माझ्या माणसाला खोटं पाडू?"

मला राग आला. कबूल करतो, त्याही क्षणी रागच आला, कारण तोच हाताशी होता. मी म्हटलं की मग खुर्ची का काढून घेतली, कोर्सचा बहाणा का केला, मी काय एका आकड्याच्याही लायकीचा नव्हतो, हात द्यायला उठलो म्हणून एवढी शिक्षा. बरंच बोललो.

साहेबांनी आधी दोरीची गाठ मारली. मग म्हणाले, "हात द्यायला उठलास, ते मी पाहिलं. तुझ्या जागी मी असतो तर कदाचित मीही उठलो असतो. चूक झाली त्याचं काही नाही, चुका माझ्याही व्हायच्या. मी तुला मराठीत विचारलं, मुद्दाम. कुणाला कळणार नव्हतं. तू ‘नक्की माहीत नाही’ म्हणाला असतास तर मी दोघांना कप वाटून दिला असता. तू पक्कं म्हणालास. पुढच्या वेळी तू पक्कं म्हणालास तर मी काय करायचं होतं?"

मी म्हटलं, हे तुम्ही तेव्हाच तोंडावर का नाही सांगितलं.

"ऐकलं असतंस?"

"नाही. भांडलो असतो."

"मग," म्हणाले आणि पुढचं पुस्तक उचललं.

मला अजूनही वाटतं की सांगायला हवं होतं. भांडलो असतो, दोन-चार महिने तोंड पाहिलं नसतं, पण एवढी वर्षं गेली नसती. हे मी त्यांना म्हटलंही. ते म्हणाले, हो, ते माझं चुकलं. इतक्या सहज म्हणाले की मी शेजारच्या खोक्यावर बसलो.

त्यांनी खिशातलं पेन काढून माझ्यापुढे धरलं. टेबलाचा नियम मला आठवत होता. आकडा खोडून काळा करायचा नाही, एक आडवी रेघ, शेजारी नवा आकडा, आणि दोघांच्या छोट्या सह्या. मी पाचावर रेघ मारली, चार लिहिला. चार वाकडा आला. सही केली. त्यांनी खाली केली. बेरजेचा आकडाही एकाने कमी करून घेतला, संघाची बेरीजसुद्धा. मी विसरलो होतो, त्यांनी विसरू दिलं नाही. पाहुण्यांचा उंच गडी आणि आपला अकरा नंबर बरोबरीत आले. त्या दोघांपैकी आज कोण कुठे आहे, आम्हाला दोघांनाही माहीत नव्हतं.

निघताना वहिनींनी सांगितलेल्या भावाला मशीन घेतलं. ते कुठे ठेवायचं, यावरून बायको अजून बोलते.

गाडीत मुलीने मांडीवर लॅपटॉप उघडला. तिला संध्याकाळपर्यंत फाइल पाठवायची होती. "मग फायनल काय? फोर ना?"

"चार. आणि पुढे लिही, आधी पाच लिहिला होता, मोजणाऱ्याची चूक."

"असं नाही लिहिता येत, बाबा. तसा कॉलमच नाही."

"मग कर कॉलम."

"एका मॅचसाठी?"

"एका मॅचसाठी."

तिने सांगून पाहिलं की सर विचारतील, बाकीच्या सगळ्या ओळी रिकाम्या दिसतील. मी म्हटलं, दिसू देत. ती म्हणाली, तळटीप चालेल का. मी म्हटलं, नाही, कॉलम. सिग्नल लाल होता. तिने माझ्याकडे पाहिलं, सुस्कारा टाकला आणि टाइप करायला लागली.